पंडिता रमाबाईंचें राज्य कोणतें?

एखाद्या मनुष्यानें धर्म बदलला म्हणजे आपला समाज त्याच्याविषयीं एकच प्रश्न विचारतो. तो हा कीं, तो आतां कोणाचा झाला? त्यानें पुढें काय केलें, कोणाचे अश्रु पुसले, कोणास अन्न दिलें, हें विचारण्याची आपणांस गरज वाटत नाहीं. पंडिता रमाबाई यांच्या वांट्यास नेमकें हेंच आलें. ता. ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांव येथें त्यांचें देहावसान झालें, त्यास आतां शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं. तरी आजही त्यांचें नांव निघालें म्हणजे चांगले सुशिक्षित गृहस्थ सुद्धां दोन तट करून बसतात. एक तट म्हणतो, बाई परक्यांच्या झाल्या. दुसरा म्हणतो, बाई आमच्या झाल्या. आमचें मत असें आहे कीं, दोन्ही तटांनीं खटल्याचे कागद नीट वाचलेले नाहींत. रमाबाई ह्यांपैकीं कोणाच्याच झाल्या नाहींत. एक परमेश्वर वगळल्यास ह्या बाईनें आपल्या सदसद्विवेकबुद्धीवर कोणाचीच सत्ता चालूं दिली नाहीं, आणि त्यांच्या चरित्राचें मर्म ह्याच गोष्टींत आहे.

ख्रिस्ती धर्मग्रंथांत देवाच्या राज्याची कल्पना वारंवार येते. आपल्याकडील पुष्कळांची समजूत अशी कीं, हें राज्य म्हणजे मेल्यानंतर मिळावयाचा स्वर्ग. परंतु येशू ख्रिस्तानें जें सांगितलें तें याहून निराळें व व्यवहारांत फार अडचणीचें आहे. त्या राज्यांत मानाचें आसन शेवटच्यास मिळतें. जो सर्वांची सेवा करील तोच मोठा ठरतो. भुकेल्यास घातलेला घांस व उघड्यास दिलेलें वस्त्र थेट राजाच्या खजिन्यांत जमा होतें. आणि त्या राज्याच्या प्रजेस दुसऱ्या धन्याची चाकरी करितां येत नाहीं. म्हणजे ह्या राज्याच्या सनदेचीं कलमें मुख्यतः दोन. पहिलें असें कीं, अंतःकरणावर देवावांचून कोणाचा अंमल नाहीं; दुसरें असें कीं, समाजानें ज्यास सर्वांच्या खालीं ढकललें त्याचा हक्क सर्वांच्या आधीं. हीं कलमें तोंडानें मान्य करणारे लोक पुष्कळ, त्यांप्रमाणें वागणारे विरळा. रमाबाई त्या विरळांपैकीं होत्या कीं नव्हत्या, एवढेंच आज पाहावयाचें आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालच्या एप्रिल महिन्यांत सह्याद्रीच्या रानांत गंगामूळ येथें झाला. हें ठिकाण आज कर्नाटकांत मोडतें. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृताचे गाढे पंडित व निष्ठावंत वैष्णव. त्यांनीं आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविण्यास आरंभ केला तेव्हां त्यांस उडुपी येथें विद्वानांच्या सभेपुढें जाब द्यावा लागला, आणि ह्या गोष्टीस शास्त्राचा आधार आहे हें त्यांनीं तेथें ग्रंथांवरून दाखविलें. मुलगी जन्मण्यापूर्वींच तिच्या शिक्षणाचा खटला घरांत असा चालून गेलेला होता. पुढें आईनेंच मुलीस शिकविलें. लहान वयांत भागवताचे हजारों श्लोक तिच्या मुखोद्गत झाले. कुटुंब तीर्थोतीर्थीं हिंडे, पुराण सांगे, आणि मिळालेल्या दक्षिणेंतून दानधर्म करी. दुष्काळाचे दिवस आले तेव्हां ह्या विद्वान् कुटुंबास मोलमजुरी येत नव्हती आणि भीक मागण्याची लाज वाटत होती. १८७४ सालीं थोड्याच महिन्यांच्या अवधींत वडील, आई व थोरली बहीण उपासमारीनें व आजारानें गेलीं. ही भूक रमाबाई पुढें जन्मभर विसरल्या नाहींत. वाचकांनींही ती ध्यानांत ठेवावी. बावीस वर्षांनीं तिचें काम आहे.

भाऊ श्रीनिवास व बहीण रमा हीं दोघेंच उरलीं. पायीं हिंडत, उपाशीं राहत, तीं १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथील पंडितांनीं वीस वर्षांच्या ह्या मुलीची विद्वत्ता पाहून तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. मान मिळाला, परंतु धर्मशास्त्राचें वाचन जसजसें वाढत गेलें तसतसें स्त्री व शूद्र यांस मोक्षाची वाट कशी बंद केलेली आहे हें बाईंच्या दृष्टीस पडूं लागलें, आणि श्रद्धेचा पाया हलला. १८८० सालीं भाऊ वारला. त्याच सालीं बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशीं त्यांनीं लग्न केलें. वर शूद्र गणलेल्या जातीचा, वधू ब्राह्मण. त्यामुळें लग्न १८७२ च्या तिसऱ्या कायद्याप्रमाणें नोंदणीचें झालें. त्या कायद्याची अट अशी होती कीं, आपण हिंदु, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कोणताच धर्म पाळीत नाहीं असें उभयतांनीं लिहून द्यावें. हिंदूंपुरती ही अट १९२३ सालीं सैल झाली, आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानें ती समूळ गेली. जी मोकळीक आज कोणाही तरुण-तरुणीस कायद्यानें मिळते तिची किंमत रमाबाईंनीं जातीबाहेर राहून आधींच चुकती केली होती. संसार दोन वर्षेंही टिकला नाहीं. १८८२ च्या फेब्रुवारींत पटकीनें पति गेला, आणि दहा महिन्यांची मनोरमा पदरीं घेऊन तेविसाव्या वर्षीं रमाबाई विधवा झाल्या.

त्याच सालीं त्या पुण्यास आल्या. रानडे प्रभृति सुधारक मंडळीनें त्यांचें स्वागत केलें. बाईंनीं आर्य महिला समाज स्थापिला, स्त्रीधर्मनीति हें पुस्तक लिहिलें, आणि हंटर साहेबांच्या शिक्षण कमिशनापुढें साक्ष देऊन मुलींसाठीं स्त्री-शिक्षक व स्त्रियांसाठीं स्त्री-डॉक्टर पाहिजेत अशी मागणी केली. वैद्यकी शिकावी ह्या हेतूनें १८८३ सालीं त्या मनोरमेस घेऊन विलायतेस गेल्या. पण कानांनीं कमी ऐकूं येत असल्यामुळें तो बेत सोडावा लागला. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठांत त्या राहिल्या. त्या भगिनींचें लंडनजवळ फुलम येथें एक घर होतें. समाजानें पतित म्हणून टाकलेल्या स्त्रिया तेथें आणून त्यांची शुश्रूषा होत असे. हें घर पाहून बाई स्तब्ध झाल्या. पतितेस शासन सांगणारीं वचनें त्यांनीं पुष्कळ पाठ केलेलीं होतीं. पतितेजवळ बसून तिच्या जखमा धुणारीं माणसें त्यांनीं प्रथमच पाहिलीं. हें कोठून आलें असें त्यांनीं विचारलें, तेव्हां विहिरीवर पाणी भरण्यास आलेल्या शोमरोनी स्त्रीशीं ख्रिस्त कसा बोलला ती कथा त्यांच्या वाचनांत आली. ता. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

पुण्यास ही बातमी आली तेव्हां जो गहजब झाला त्याची कल्पना वाचकांस सहज करितां येईल. पंडिता व सरस्वती म्हणून जिचा गौरव झाला तिनेंच घर सोडलें, हा घाव मोठा होता. बाईंची बाजू उघडपणें घेणारे थोडे. त्यांत जोतीराव फुले होते, व त्यांनीं १८८५ सालीं आपल्या सत्सार ह्या पुस्तकांत ती घेतली. परंतु आमच्या राष्ट्राभिमानी बंधूंस जी हकीकत बहुधा ठाऊक नसते ती ह्यापुढची आहे. बाईंनीं बाप्तिस्मा घेतला. गुलामगिरीचा कागद लिहून दिला नव्हता. चेल्टनहॅमच्या कॉलेजांत त्या असतां त्यांनीं पुरुषांस शिकवावें कीं नाहीं असा प्रश्न निघाला, व हिंदुस्थानांतील बिशपांनीं त्यास हरकत घेतली. बाईंनीं उलट विचारलें कीं, माझ्या देशांत मीं पुरुषांच्या सभांपुढें व्याख्यानें दिलीं, तेव्हां जें लाजिरवाणें नव्हतें तें ख्रिस्ती झाल्यावर लाजिरवाणें कसें होतें? इंग्लंडच्या चर्चचीं सर्व मतें डोळे मिटून मान्य करण्यास त्यांनीं नकार दिला. ख्रिस्ताचें वचन व चर्चचा हुकूम ह्यांत भेद आहे असें त्या स्पष्ट सांगत. मांसाहार त्यांनीं केला नाहीं. क्रुसावर लॅटिन अक्षरें असावीं ह्यालाही त्यांचा आक्षेप होता; देवाशीं बोलण्यास संस्कृत काय कमी, असा त्यांचा वाद. ज्या भगिनींनीं त्यांस आश्रय दिला त्यांस हा हट्ट उपकार विसरण्यासारखा वाटला. आम्हांस तो स्वत्वाचा वाटतो. साहेबाची सत्ता शिखरास पोंचलेली असतां, साहेबाच्याच देशांत, त्याच्याच अन्नावर राहून, एका पंचविशीच्या विधवेनें त्याच्या धर्माधिकाऱ्यास सांगितलें कीं, माझ्या आत्म्याचा कारभार तुमच्याकडे नाहीं. सनदेचें पहिलें कलम तें हेंच.

१८८६ सालीं डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठीं रमाबाई अमेरिकेस गेल्या, आणि जवळ जवळ तीन वर्षें त्या देशांत राहिल्या. उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर त्यांनीं इंग्रजींत लिहिलेलें पुस्तक १८८७ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच सालीं बोस्टन येथें त्यांच्या नांवाची मंडळी स्थापन झाली व तिनें दहा वर्षें पैसा पुरविण्याचें पत्करलें. अट ही कीं, निघणाऱ्या शाळेंत धर्मशिक्षण द्यावयाचें नाहीं. त्याप्रमाणें ता. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस चौपाटीजवळ शारदा सदन निघालें. आरंभीं विद्यार्थिनी दोनच; त्यांपैकीं बालविधवा गोदूबाई पुढें १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या, हें महाराष्ट्रास माहीत आहे. १८८९ च्या डिसेंबरांत मुंबईस राष्ट्रीय सभेचें पांचवें अधिवेशन भरलें, त्यास ज्या थोड्या स्त्रिया प्रतिनिधि म्हणून हजर होत्या त्यांत रमाबाई होत्या. आणि त्याच वेळीं भरलेल्या सामाजिक परिषदेंत विधवांच्या केशवपनाविरुद्ध त्या बोलल्या. धर्म बदलला म्हणून देश बदलला नव्हता, ह्याचा ह्याहून उघड पुरावा कोणता पाहिजे? १८९० सालीं खर्च कमी व्हावा म्हणून सदन पुण्यास आलें, आणि तेथें वादास तोंड लागलें.

सदनांत हिंदु मुलींस आपला आचार पाळण्याची मोकळीक होती. ग्रंथालयांत हिंदु धर्मग्रंथांशेजारीं बायबल असे. वर्गांत धर्म शिकविला जात नसे. परंतु रमाबाई व मनोरमा आपल्या खोलींत प्रार्थना करीत, आणि खोलीचें दार उघडें असे. मुली येऊन बसूं लागल्या. ज्या बाईनें आपणांस पोटच्या पोरीप्रमाणें जवळ केलें ती कोणापुढें हात जोडते हें पाहावें असें त्यांस वाटलें असल्यास नवल नाहीं. पुण्यांत गवगवा झाला. केसरीनें टीकेचा भडिमार केला. १८९३ सालीं रानडे व भांडारकर ह्यांनीं सल्लागारपणा सोडला, आणि पालकांनीं सुमारें पंचवीस मुली सदनांतून काढून नेल्या. पुढें १८९५ च्या सुमारास कित्येक मुलींनीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां टीकाकारांस आपलें भाकीत खरें झाल्यासारखें वाटलें.

ह्या वादांत पक्षाभिमान सोडून निकाल द्यावयाचा झाल्यास तो असा द्यावा लागेल. टीकाकारांची फिर्याद पोकळ नव्हती. ज्या संस्थेनें धर्माच्या बाबतींत अलिप्त राहण्याचें वचन दिलें तिनें वचनाचीं अक्षरें पाळून भागत नाहीं, त्याचा भावही पाळला पाहिजे. अल्पवयी मुलीवर शिक्षिकेच्या प्रेमाचाच केवढा दाब असतो हें व्यवहार जाणणाऱ्यास सांगावयास नको. आणि मुलगी पालकाची ठेव असते. रानडे-भांडारकरांसारख्या मित्रांनीं जें अंग काढून घेतलें तें द्वेषानें नव्हे. एवढें बाईंच्या नांवें पडतें. परंतु हिशेबाची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. बाईंनीं कांहीं लपविलें नाहीं. दार उघडें ठेवूनच त्या प्रार्थना करीत, आणि आपल्या घरांत आपल्या देवाचें नांव घेण्याचा हक्क आपण सोडणार नाहीं हें त्यांनीं साऱ्यांस सांगितलें होतें. आतां प्रश्न असा कीं, ज्या पुण्यानें त्या पंचवीस मुली बाहेर काढल्या त्या पुण्यानें त्यांच्यासाठीं दुसरें कोणतें घर बांधून ठेवलें होतें? अण्णासाहेब कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ सालीं निघाला, आणि तोही एका शिक्षकाच्या काटकसरीवर. रमाबाई रानडे यांचें पुण्याचें सेवासदन १९०९ सालचें. दरम्यान मुंबईसारख्या शहरांत थकल्या जनावरांसाठीं पांजरपोळ होता, वाटसरूंसाठीं धर्मशाळा होत्या. बारा वर्षांच्या विधवेसाठीं माजघरांतला अंधार होता. ज्यानें पर्याय ठेवला नाहीं त्यानें धर्म बुडाल्याची ओरड करणें हें न्यायाच्या दरबारांत टिकत नाहीं.

१८९६ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. मुली उपासमारीनें मरत आहेत आणि जगलेल्यांस दुष्ट लोक धंद्यासाठीं गोळा करीत आहेत असें वर्तमान पुण्यास आलें. रमाबाईंजवळ पैसा नव्हता, जागा नव्हती, बोस्टनच्या मंडळीचा ह्यासाठीं हुकूम नव्हता. पण १८७४ सालची भूक होती. त्या निघाल्या, आणि शेंकडों स्त्रिया व मुली घेऊन परत आल्या. पुण्यांत तेव्हां प्लेगचे निर्बंध होते; शहरांत एवढीं माणसें ठेवण्यास अधिकाऱ्यांनीं मनाई केली. पुण्याच्या पूर्वेस, लोहमार्गावर, केडगांव येथें बाईंनीं थोडी जमीन घेऊन ठेवलेली होती. तेथें त्यांनीं मुलींस नेलें. हेंच मुक्ति सदन. १९०० सालीं गुजराथेंत दुष्काळ पडला तेव्हां तेथूनही त्यांनीं मुली आणविल्या, आणि सदनांतील माणसांची संख्या दीड हजारांच्या वर गेली. आमच्या व्यापारी वाचकांनीं क्षणभर दीड हजार माणसांच्या रोजच्या धान्याचा, सरपणाचा व कपड्याचा आंकडा मांडून पाहावा, म्हणजे हें काम केवळ भक्तीनें होत नाहीं, त्यास कारभारही लागतो, हें ध्यानांत येईल.

तो कारभार कसा होता? जीं माणसें कोणी घेत नाहीं तीं आधीं घ्यावयाचीं, हा त्याचा पहिला नियम. शारदा सदन मुख्यतः वरच्या जातींच्या विधवांसाठीं निघालें होतें; मुक्तींत शेतकऱ्याची, कोळ्याची, अस्पृश्य मानलेल्या जातीची मुलगी एकाच पंक्तीस बसली. पाय घसरलेल्या स्त्रियांसाठीं कृपा सदन निघालें. आंधळ्या मुलींस मनोरमा उठावाच्या अक्षरांचें वाचन शिकवूं लागली. जी आली तिला अक्षरओळख व हातास धंदा, हा दुसरा नियम: शेती, गुरें, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, छापखाना. छापखान्यांत खिळे जुळविणाऱ्या स्त्रियाच. परकीय पैशावर चाललेली संस्था असें हिला हिणविण्यांत येतें. पैसा बाहेरून येत असे हें खरें. पण त्या पैशाचें जें झालें तें असें कीं, दुसऱ्यांच्या दारीं फेंकलेल्या मुली स्वतःच्या हातांनीं मिळविलेली भाकर खाऊं लागल्या. स्वदेशीची व्याख्या करितांना ही गोष्ट विसरूं नये.

आतां तिसरी कसोटी. शास्त्र्यांची सत्ता बाईंनीं मानली नाहीं, बिशपांची मानली नाहीं, पण सरकारची? ख्रिस्ती झालेला मनुष्य ख्रिस्ती सरकारचा भाट होतो असा आपला समज. १८९७ सालीं पुण्यांत प्लेगच्या बंदोबस्तानें लोक त्रासून गेले होते. रमाबाईंच्या आश्रयास असलेली एक मुलगी सरकारी प्लेग-इस्पितळांत नेली गेली व तेथून नाहींशी झाली, तिच्या अब्रूचा नाश झाला; आणि तेथें स्त्रियांच्या अब्रूचें रक्षण होत नाहीं असें बाईंनीं मुंबईच्या एका ख्रिस्ती इंग्रजी पत्रांत नांवानिशीं लिहिलें. विलायतेच्या पार्लमेंटांत प्रश्न निघाला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनीं आरोप नाकारला. ते दिवस कसे होते पाहा. त्याच सालीं लोकमान्य टिळकांस राजद्रोहाच्या आरोपाखालीं शिक्षा झाली, आणि विलायतेंत प्लेगच्या जुलमाविषयीं बोललेल्या गोखल्यांस परत आल्यावर पुराव्याच्या अभावीं माफी मागावी लागली. रमाबाईंनीं आपलें म्हणणें मागें घेतलें नाहीं. ज्या केसरीनें चार वर्षांपूर्वीं त्यांच्यावर शरसंधान केलें होतें त्याच्या संपादकाचा व त्यांचा गुन्हा ह्या वेळीं एकच होता: सरकारास खरें सांगणें. पुढें १९१९ सालीं सरकारनें त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिलें; पण त्यांच्या हयातीचा निकाल त्या पदकावर अवलंबून नाहीं.

शेवटचीं वर्षें केडगांवींच गेलीं. पांढरें लुगडें, साधें जेवण, आणि हातीं एकच मोठें काम: बायबलाचें मराठी भाषांतर. जें भाषांतर चालू होतें त्याची भाषा जड व पंडिती असल्यानें खेड्यांतील बाईस तें कळत नाहीं, म्हणून पन्नाशीकडे झुकलेल्या रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि मुळावरून सोपी मराठी लिहूं लागल्या. जिला कलकत्त्याच्या पंडितांनीं सरस्वती म्हटलें तिनें आपली सारी विद्या अडाणी स्त्रीच्या ओटींत घातली. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या मागून १९२४ सालीं बाहेर पडला. १९२१ च्या जुलईंत मनोरमा वारली. जिच्या हातीं संस्था सोंपवावयाची तीच आधीं गेली. आई दहा महिनेही मागें राहिली नाहीं. केडगांवची संस्था मात्र आजही चालू आहे.

रमाबाईंत दोष नव्हते असें आम्ही म्हणत नाहीं. परदेशांत बोलतांना त्यांनीं हिंदु धर्माचें जें चित्र काढलें त्यांत काळा रंग जास्त व संतांचा उजेड कमी पडला. ज्या वारकऱ्यांच्या परंपरेनें ह्याच देशांत चोखामेळ्यास व जनाबाईस देवाजवळ बसविलें तिच्याकडे त्यांनीं हवें तितकें पाहिलें नाहीं. हें आमचें गाऱ्हाणें आहे व तें राहील. परंतु उजेड कमी दाखविला म्हणून अंधार खोटा ठरत नाहीं. संतांचे अभंग गाणाऱ्या घरांतच न्हावी बोलावून पोरीचें मस्तक भादरलें जात होतें, आणि बाईंचा प्रश्न त्या घरास होता.

हा प्रश्न जुना झाला असें कोणी म्हणेल. रमाबाई गेल्या त्यास बरोबर शंभर वर्षें झालीं तेव्हां, २०२२ च्या मे महिन्यांत, कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड गांवच्या ग्रामसभेनें ठराव केला कीं, नवरा वारल्यावर बाईचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र तोडणें हे प्रकार गांवांत बंद व्हावे. आणि त्याच महिन्यांत राज्य सरकारनें इतर गांवांनीं तोच कित्ता गिरवावा असें पत्रक काढलें. हेरवाडकरांचें अभिनंदन. पण ज्या गोष्टीसाठीं शंभर वर्षांनंतर ठराव करावा लागतो ती गोष्ट मेलेली नसते. कायद्याचेंही तसेंच. १९५६ च्या वारसा कायद्यानें हिंदु विधवेस मुलांच्या बरोबरीनें नवऱ्याच्या मिळकतींत वांटा दिला. परंतु दिवस पुरे होण्यापूर्वींच दीर-पुतण्यांनीं पुढें केलेल्या हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली जाते, हें कोणत्या तालुक्याच्या कचेरींत घडत नाहीं? परराज्य १९४७ सालीं गेलें. त्या सहीचा दोष आतां कोणत्या साहेबाच्या माथीं मारावयाचा?

आमच्या वाचकांत दुकानदार आहेत, अडते आहेत, घरमालक आहेत, पंच आहेत. त्यांनीं ख्रिस्ती व्हावें असें आम्ही सांगत नाहीं. देवाच्या राज्यास कोणत्या जातीचा दाखला लागतो असेंही आम्हांस वाटत नाहीं. एवढेंच सांगणें आहे कीं, वर जीं दोन कलमें सांगितलीं तीं आपापल्या देवाचें नांव घेऊन प्रत्येकानें घरीं लावून पाहावीं. भाऊ वारल्यास वहिनीचा वांटा तिच्या नांवें चढवावा आणि सही मागूं नये. मुलाच्या लग्नांत विधवा काकूस मागच्या खोलींत बसवूं नये, पुढें बोलवावें. दुकानांत कामास माणूस ठेवावयाचा झाल्यास टाकलेल्या बाईचा अर्ज आधीं वाचावा. हें करितांना जातीचे चार गृहस्थ नांवें ठेवतील; तेव्हां पहिल्या कलमाची आठवण होईल. रमाबाई कोणाच्या झाल्या ह्या वादाचा निकाल लावण्यास दुसऱ्या साक्षीदारांची गरज नाहीं. ज्या दीड हजार मुली आपल्यापैकीं कोणाच्याच नव्हत्या त्यांच्या त्या झाल्या.